दीड डॉलरची शाळा: बाकीचे पैसे मेरी बेथ्यूनबाईंनी आणले कुठून?

दिघ्याची ताई

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी दिघ्याला राहते. चार वर्षं झाली, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलींची अभ्यासिका चालवते. वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. सध्या २२ मुली आहेत, पाचवीपासून दहावीपर्यंतच्या. बहुतेकींच्या आया ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करतात. वडील कुणाचे नाक्यावर, कुणाचे एमआयडीसीत कंत्राटावर. घरी धाकटं भावंड कडेवर आणि समोर टीव्ही चालू, त्यात अभ्यास कसा होणार? म्हणून ही खोली. मी शिक्षिका नाही. बारावी झालेय, शिवणकाम करते. दहावीच्या मुलींना गणित शिकवायला शेजारचा कॉलेजातला मुलगा येतो.

आजवर खोलीचं भाडं माझ्या मशीनवर निघत होतं. आता मालक महिन्याला दीड हजार वाढवून मागतोय. त्यालाही त्याचा संसार आहे, मी त्याला बोल लावत नाही. पण ब्लाउजच्या शिलाईतून एवढे निघत नाहीत.

आता मूळ प्रश्न. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आम्ही खोलीतच साजरी करतो. त्याची तयारी म्हणून सातवीतल्या एका मुलीने शाळेतल्या जुन्या मासिकातून अर्धं पान उतरवून आणलं. अमेरिकेत मेरी मॅक्लाउड बेथ्यून नावाच्या कृष्णवर्णीय बाईने १९०४ मध्ये दीड डॉलर आणि पाच मुली एवढ्यावर शाळा काढली, पुढे त्या शाळेचं कॉलेज झालं आणि त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मुलीने वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनेच विचारलं, "ताई, दीड डॉलर म्हणजे किती?" मी म्हटलं, आजच्या हिशोबाने सव्वाशे-दीडशे रुपये. ती म्हणाली, "मग बाकीचे कुठून आणले?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या अर्ध्या पानात ते नव्हतंच.

खरं सांगायचं तर ते उत्तर मला स्वतःसाठीही हवंय. मला मागता येत नाही. गेल्या महिन्यात अर्ज लिहून एका मोठ्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेले. वॉचमनने विचारलं, काय काम आहे? माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, पत्ता चुकला." आणि परत आले. तो अर्ज अजून पर्समध्ये आहे, घडीवर विरायला लागलाय.

या बाईंबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

ऐरोली सेक्टर तीन

ताई, तुमच्या कामाला नमस्कार. क्यूआर कोड काढून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, लोक देतात. मी आमच्या ग्रुपवर टाकीन.

बाईंबद्दल मला एवढंच माहीत आहे की वॉशिंग्टनला त्यांच्या संसद भवनात प्रत्येक राज्यातर्फे दोन पुतळे असतात. फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये तिथे बेथ्यूनबाईंचा संगमरवरी पुतळा बसवला. आधी त्या जागी यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या राज्यांकडून लढलेल्या एका सेनापतीचा पुतळा होता, तो हलवला. कुठल्याही राज्याने आपल्या वतीने तिथे कृष्णवर्णीय व्यक्तीचा पुतळा बसवण्याची ती पहिली वेळ.

शनिवारी मी मोकळा असतो. गणित शिकवायला येऊ शकतो. निरोप द्या.

रात्रशाळा

ताई, तुमच्या त्या सातवीतल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. अख्ख्या गोष्टीत विचारण्यासारखा प्रश्न तोच आहे.

माझं वय ७१. ठाण्यात रात्रशाळेत २८ वर्षं शिकवलं. वागळे इस्टेटमधली कारखान्यातली मुलं, हॉटेलातली पोरं, दिवसभर दुसऱ्यांची घरं सांभाळून रात्री आठवीला बसणाऱ्या बायका. बाकांसाठी, दिव्यांसाठी, पुस्तकांसाठी वर्गणी मागत मी अर्धं ठाणं पायाखाली घातलंय. त्या काळात बेथ्यूनबाईंनी स्वतः सांगितलेल्या आठवणी माझ्या हाती पडल्या. म्हणून थोडं लांबलं तरी लिहिते.

आधी हिशोबाचं. दीड डॉलर हा आकडा मुलींना सांगा, पण त्याच्या जोडीला दुसरा आकडाही सांगा. ज्या घरात त्यांनी शाळा मांडली त्याचं भाडं महिन्याला ११ डॉलर होतं. म्हणजे पहिल्याच महिन्यात साडेनऊ डॉलर कमी. तुम्हाला दीड हजार कमी पडतात तसेच. त्या घरमालकाने थांबायची तयारी दाखवली, आणि बाईंनी दार उघडलं.

त्यांचं लहानपण मुलींना जरूर सांगा, कारण ते त्यांना ओळखीचं वाटेल. जन्म १८७५ चा, साउथ कॅरोलायना राज्यात मेझव्हिल गावाजवळ. १७ भावंडांतलं पंधरावं अपत्य. आईवडील दोघेही गुलामीत वाढलेले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. थोडी जमीन घेऊन ते कापूस पिकवायचे, पण आई जुन्या मालकांच्या घरचं धुणं-इस्त्रीही करायची. एकदा आईबरोबर लहानगी मेरी त्या घरी गेली. तिथल्या मुलींच्या खेळघरात एक पुस्तक पडलेलं होतं, ते तिने उचललं. तिथली गोरी मुलगी म्हणाली, ठेव ते खाली, तुला कुठे वाचता येतं. बाई आयुष्यभर सांगत राहिल्या की वाचायला शिकायचंच, हे मनाने त्या क्षणी घेतलं. ताई, तुमच्या मुलीही आईबरोबर सोसायट्यांमधल्या घरांत जात असतील. त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे कृष्णवर्णीय मुलांसाठी मिशनची शाळा निघाली. घरातून एकाच मुलाला पाठवणं परवडत होतं, मेरीचा नंबर लागला. रोज पाच मैल जायचं, पाच मैल यायचं. पाच मैल म्हणजे जवळपास दिघ्याहून कोपरखैरण्यापर्यंत, पायी. संध्याकाळी घरी आली की दिवसभरात शिकलेलं भावंडांना आणि आईवडिलांना शिकवायची.

आता तुम्ही शिवणकाम करता म्हणून हे मुद्दाम सांगते. पुढच्या शिक्षणाचे पैसे घरात नव्हते. तिकडे दूर, डेन्व्हर शहरात मेरी क्रिसमन नावाची कपडे शिवून पोट भरणारी एक बाई होती. आपल्या कमाईतून एखाद्या कृष्णवर्णीय मुलीला शिकवायचं असं तिने ठरवलं, आणि शिक्षकांनी या मेरीचं नाव सुचवलं. दोघींनी एकमेकींना पाहिलेलंही नव्हतं. त्या शिलाईच्या पैशांवर मेरी १८८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या स्कोशिया सेमिनरी या मुलींच्या शाळेत दाखल झाली. बाकी पुतळे कितीही उभे राहोत, मला या सगळ्या कहाणीत त्या शिवणारणीचे हात दिसतात.

नंतर शिकागोला धर्मशिक्षण घेतलं. आफ्रिकेत मिशनरी म्हणून जायचं स्वप्न होतं. मिशनच्या मंडळाने कळवलं की तिकडे कृष्णवर्णीय मिशनऱ्यांसाठी जागा नाही. हा नकार त्यांच्या फार जिव्हारी लागला. मग ऑगस्टा शहरात ल्यूसी लेनी या बाईंच्या शाळेत त्या शिकवायला लागल्या. लेनीबाई स्वतः पूर्वी गुलामीत राहिलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या, आणि शून्यातून शाळा उभी करणाऱ्या. शाळा कशी चालवतात हे तिथे बघायला मिळालं. १८९८ मध्ये लग्न, पुढच्या वर्षी मुलगा. आणि १९०४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, पाच वर्षांचा मुलगा बरोबर घेऊन त्या फ्लोरिडात डेटोना गावी आल्या. तिकडे रेल्वेच्या बांधकामावर मजुरांची कुटुंबं येऊन राहिली होती आणि त्यांच्या मुलींना शाळा नव्हती. पाच मुली आणि स्वतःचा मुलगा एवढ्यांवर ऑक्टोबरात वर्ग सुरू झाला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बाकीचे कुठून आणले?

मागून. पण पैसे मागून नव्हे, निदान सुरुवातीला नव्हे. बाईंनी अनोळखी माणसांकडे काय मागितलं ते त्यांनी स्वतः सांगितलंय: एक झाडू, एक कंदील, आणि टेबल म्हणून उलटं ठेवलेल्या खोक्याभोवती गुंडाळायला एक कापडाचा तुकडा. बास. झाडू मागायला आलेल्या बाईला कोण नाही म्हणेल? गावात श्रीमंत प्रवाशांची हॉटेलं होती. त्यांच्या मागच्या कचऱ्यातून त्या टाकून दिलेल्या चादरी, तडे गेलेल्या बशा, मोडक्या खुर्च्या, फळ्या उचलून आणायच्या. सगळं घासूनपुसून, सांधून वापरात. लाकूड जाळून त्याच्या कोळशाच्या काड्यांच्या पेन्सिली केल्या, एल्डरबेरीची फळं चुरडून शाई. गाद्यांमध्ये झाडांवर लोंबणारं शेवाळ भरलं. रात्री रताळ्याचं सारण भरून पाय करायच्या, पाय म्हणजे कणकेच्या पारीत भाजलेला गोड पदार्थ, आणि रेल्वेच्या मजुरांना विकायच्या. म्हणजे ज्यांच्या मुली शाळेत, त्यांच्याच खिशातून, पण त्यांच्या हातात गरम खाणं ठेवून.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आत २५० विद्यार्थी झाले. जागा पुरेना. गावाचा कचरा टाकायची दलदलीची जमीन होती, तिला लोक नरकाचं भोक म्हणायचे. मालकाला आधी पाच डॉलर द्यायचे आणि बाकी हप्त्याने, असं ठरलं. ते पाच डॉलर पाय आणि आइस्क्रीम विकून जमवले, आणि रुमालात बांधलेली चिल्लर मालकापुढे मोकळी केली. मग इमारत. ठेकेदारांच्या मागे लागून वाळू आणि जुन्या विटा. सुतार, गवंडी, गिलावा करणारे यांना म्हणायच्या, संध्याकाळचे काही तास द्या. बदल्यात खायला देते आणि तुमच्या मुलांना शिकवते, तुम्हालाही शिकवते. चार मजल्यांची ती इमारत १९०७ मध्ये उभी राहिली. तिला त्यांनी फेथ हॉल, म्हणजे श्रद्धेचं नाव दिलं. त्याच वर्षी नवरा घर सोडून निघून गेला. ती बाई त्या वर्षी कशी उभी राहिली असेल, मी खूपदा विचार केलाय.

तुम्ही गेटवरून परत आलात ते वाचून मला माझाच एक दिवस आठवला. एका कारखान्याच्या कचेरीत ३० बाकांसाठी अर्ज घेऊन गेले होते. आमची निम्मी मुलं तिथेच काम करायची, म्हणून आशेने गेले. तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. मग साहेब बाहेर आले, चालता चालता म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मी जिन्यात रडले. त्यानंतर चार महिने कुणाकडे गेले नाही, आणि त्या चार महिन्यांत मुलं जमिनीवर बसली. बेथ्यूनबाईंची रीत मला नंतर वाचायला मिळाली: कुणी नाही म्हटलं तर, मनाला कितीही लागलं तरी, हसून म्हणायच्या, तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभार. आणि पुढचं दार. मी ते एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. त्याच वहीत मग प्रत्येक देणगी लिहायला लागले, कितीही लहान असली तरी. ट्यूबलाइटचा चोक एक. खडूची पेटी एक. जांभळी नाक्यावरच्या एका भाजीवाल्याने दर गुरुवारी १२ लिंबं दिली, उन्हाळ्यात मुलांना सरबतासाठी, तीही लिहिलीत. वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच, ताई. त्या अर्जात तुम्ही बहुतेक वर्षाचं भाडं मागितलं असणार. तो अर्ज तूर्त राहू दे. आधी झाडू मागा.

कळव्याचा खाडीकाठ

रात्रशाळाबाई, वाचून भरून आलं. पण एक खटकतं. मी वाचलंय की त्यांच्या शाळेला साबणाच्या कारखान्याच्या मालकाने, शिलाई मशीनच्या कारखान्याच्या मालकाने पैसे दिले. हे गोरे धनिक कृष्णवर्णीय मुलींच्या शाळेला का देत होते? त्यांना घरकामाला चांगल्या शिकलेल्या बायका हव्या होत्या म्हणूनच ना? स्वयंपाक, शिवण, इस्त्री हेच तर शिकवायचे. आमच्याकडेही कंपन्या वस्तीतल्या मुलींसाठी ब्यूटिशियनचे कोर्स काढतात, इंजिनियरिंगची फी कुणी भरत नाही. मदत देणाराच मुलीचं भविष्य ठरवतो. ताईंनी याचाही विचार करावा असं वाटतं.

रात्रशाळा

तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून ही गोष्ट सांगू नये. त्या काळात कृष्णवर्णीयांमध्येच यावर मोठा वाद चालू होता. बुकर टी. वॉशिंग्टन १८८१ पासून टस्कीगी गावातल्या आपल्या शाळेत हाताच्या कामाचं शिक्षण देत होते आणि गोऱ्या धनिकांकडून मदत घेत होते. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस म्हणत होते की एवढ्यावर समाधान मानलं तर मतदानाचा हक्क आणि उच्च शिक्षण दोन्ही हातचे जातील. बेथ्यूनबाईंच्या शाळेच्या जुन्या नावातच लिटररी आणि इंडस्ट्रियल हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी होते. पुढे मुलींसाठी शिक्षिकांचं आणि परिचारिकांचं प्रशिक्षण आलं. १९२३ मध्ये कुकमन इन्स्टिट्यूट या दुसऱ्या शाळेशी जोडणी होऊन बेथ्यून-कुकमन झालं, आणि १९४१ मध्ये चार वर्षांच्या पदवीची मान्यता. म्हणजे कोळशाच्या पेन्सिलीपासून पदवीपर्यंत ३७ वर्षं. १९४२ पर्यंत अध्यक्षपद त्यांच्याकडेच होतं, आणि नंतर १९४६-४७ मध्ये एक वर्ष पुन्हा.

देणगीदारांचं सांगते. साबणवाले जेम्स गॅम्बल बघायला आले तेव्हा दाखवण्यासारखं जवळपास काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, मी जिचा विश्वस्त व्हायचं ती शाळा आहे कुठे? बाई म्हणाल्या, माझ्या मनात आहे. त्यांनी गॅम्बलना त्या स्वप्नाचं विश्वस्त व्हायला सांगितलं, आणि ते झाले. शिलाई मशीनवाले टॉमस व्हाइट आले तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, कोठीत मक्याच्या पिठाखेरीज काही नव्हतं आणि मुली एका मोडक्या सिंगर मशीनवर शिवण शिकत होत्या. बाईंनी काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. व्हाइट पुन्हा आले ते नवं मशीन घेऊनच.

पण याच बाईंच्या शाळेत रविवारच्या सभांना गोरे प्रवासी यायचे तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या खुर्च्या राखून ठेवलेल्या नसत. त्या काळच्या फ्लोरिडात, जिथे आगगाडीचा डबासुद्धा वेगळा! मोठ्या देणगीदाराला मजुराच्या शेजारी बसावं लागे. पैसा घेतला, पण बैठक आपल्या पद्धतीची ठेवली.

आणि दोन प्रसंग सांगते, ते मुलींना नक्की सांगा.

शाळेतल्या एका मुलीच्या पोटात असह्य दुखायला लागलं, अपेंडिक्स. जवळपास कृष्णवर्णीयांसाठी दवाखाना नव्हता. बाईंनी गोऱ्यांच्या दवाखान्यात विनवण्या करून ऑपरेशन करून घेतलं. नंतर भेटायला गेल्या तर पुढच्या दाराने आत सोडेनात. त्या तशाच आत गेल्या, आणि पोर दिसली ती स्वयंपाकघरामागच्या ओसरीत ठेवलेली. तिथून परत येताना त्यांनी ठरवलं, आणि १९११ मध्ये शाळेचा स्वतःचा दवाखाना सुरू झाला. सुरुवातीला खाटा दोनच. आमच्या वर्गातली एक बाई हा प्रसंग ऐकून उठून उभी राहिली होती. काही बोलली नाही, नुसती उभी राहिली, आणि मग बसली.

दुसरा प्रसंग १९२० चा. अमेरिकेत बायकांना मताचा हक्क मिळाला. बाईंनी लोकांना वाचायला शिकवण्यासाठी रात्रीचे वर्ग घेतले, मतदानासाठी भरावा लागणारा कर भरायला पैसे गोळा केले. मतदानाच्या आधी क्लॅनची, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेची माणसं पांढरे झगे चढवून रात्री शाळेवर चालून आली. बाईंनी आवारातले दिवे लावायला सांगितले आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या. आत मुली प्रार्थना गात होत्या. माणसं निघून गेली. मतदानाच्या दिवशी बाई लोकांना बरोबर घेऊन केंद्रावर गेल्या. ज्यांनी मुलींना उत्तम स्वयंपाक यावा म्हणून देणग्या दिल्या त्यांना हे चित्र अपेक्षित होतं असं मला वाटत नाही.

१९३६ पासून त्या अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारात तरुणांच्या योजनेतल्या कृष्णवर्णीयांच्या विभागाच्या प्रमुख होत्या. केंद्र सरकारच्या विभागाचं प्रमुखपद मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ते वाचायला तुम्हाला भरपूर मिळेल, म्हणून इथे लांबण लावत नाही.

ब्यूटिशियनच्या कोर्सचं म्हणाल तर ताईंनी तोही घ्यावा, आणि त्याच खोलीत बीजगणितही चालू ठेवावं. खोली आपली असली की हे जमतं. भाडं त्यासाठीच महत्त्वाचं.

ग्रंथसंग्रहालयाची पायरी

मोठ्यांनी सगळं सांगितलंच आहे, माझी छोटी भर. ३ जानेवारीच्या कार्यक्रमात दोन्ही बाजू जोडायला एक दुवा आहे. जोतिरावांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये छापली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण करून. त्यानंतर दोनच वर्षांनी मेरीचा जन्म. पुण्यात बसून जोतिराव आणि सावित्रीबाई ज्यांचा विचार करत होते, त्याच घरांपैकी एका घरातली ही पोर.

आणि मागण्याची लाज वाटणाऱ्यांसाठी आपल्याकडचं उदाहरण: साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. आमच्या आजीच्या तोंडून हे ऐकताना घरात कुणी बोलत नसे.

जुन्या पुस्तकांचे दोन गठ्ठे माझ्याकडे आहेत, सहावी ते नववी. दिघा गाव स्टेशनला आणून देऊ का?

दिघ्याची ताई

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं सुचत नव्हतं, आणि मग ठरवलं की काहीतरी करूनच लिहायचं.

रात्रशाळाबाई, तुमचं बरोबर होतं. अर्जात वर्षाचं भाडं होतं, ७२ हजार. माझी मलाच भीती वाटली होती तो आकडा लिहिताना.

परवा मी त्याच सोसायटीच्या गेटवर गेले. वॉचमन तोच होता. म्हटलं, दादा, त्या दिवशी पत्ता चुकला नव्हता, मी खोटं बोलले. मुलींची अभ्यासिका चालवते, तुमच्या इथे कुणाकडे जुना पंखा पडून असेल तर हवा होता. तो जरा वेळ बघत राहिला. मग त्याने इंटरकॉमवर तीन घरी विचारलं. दोन ठिकाणी नाही म्हणाले. मी वॉचमनदादाच्याच हातून दोघांचे आभार कळवले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी स्वतः खाली आल्या. पंखा नव्हता त्यांच्याकडे. त्यांनी एक टेबललॅम्प दिला, वायरला चिकटपट्टी लावलेला, आणि रविवारी कमिटीची बैठक असते तेव्हा येऊन बोल म्हणाल्या. मी जाणार आहे. भाड्याचा अर्ज नव्याने लिहिला, आता फक्त वाढीव दीड हजारापुरता, आणि तोही तीन महिन्यांसाठी.

कळव्याच्या दादांनी लिहिलं त्यावर मुलींशी बोलले. दहावीतली एक म्हणाली, "मला पार्लरही शिकायचंय आणि सायन्सलाही जायचंय." तसंच लिहून घेतलं.

ऐरोलीचे दादा, शनिवारी या, पाच वाजता. पुस्तकांचे गठ्ठे घ्यायला दोघी मुलींना घेऊन मी स्टेशनला येईन.

वही आणली. दोनशेपानी, लांब. सातवीतल्या त्याच मुलीकडे दिली, तिचं अक्षर चांगलं आहे. पहिल्या ओळीत तिने लिहिलं: कंदील (विजेचा) एक.

एक विचारायचं राहिलं. ३ तारखेला मुलींना ती रताळ्याची पाय करून विकायची आहे. आमच्याकडे ओव्हन नाही. कशी करू?

रात्रशाळा

ओव्हन नको. रताळी उकडून गाळून घ्या, त्यात गूळ, थोडं तूप, जायफळ घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत परता. गार झालं की करंजीसारखं भरून तळा. पारीला मोहन नीट घाला, नाहीतर सारणाच्या ओलाव्याने मऊ पडतात. पाच किलो रताळी मी जांभळी नाक्यावरून पाठवते. तिथला एक भाजीवाला अजून ओळखतो मला. वहीत त्याच्या नावाने लिहा.

आणि पहिल्या घाण्यातल्या दोन त्या वॉचमनदादांना नेऊन द्या.